दोन पानांमधलं सूत

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, असे, आणि त्यासाठी लागणारा रस करायचं काम कैक वर्षं आमच्या आईकडे होतं. शनिवारी सकाळी ती काळ्या मनुका भिजत घाली, दुपारी कल्हईच्या पातेल्यात मंद जाळावर चढवी आणि पळीनं ठेचत ठेचत तासभर शिजवी. गाळायला मलमलीचं एक फडकं होतं, ते दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. गिरणीमागच्या आमच्या चाळीत तो वास सुटला की शेजारच्या राजम्माची पोरं दारात येऊन उभी राहात आणि आई त्यांच्या हातावर चार-चार भिजल्या मनुका ठेवी. आम्हाला मात्र नाही. ज्याचं दृढीकरण झालेलं नाही, म्हणजे ज्याला मंडळीनं मोठं समजून प्रभूच्या मेजाशी घेतलेलं नाही, त्यानं त्या रसाचा थेंबही चाखायचा नाही, हा बाबांचा कायदा. राजम्माची पोरं तेलुगू साळ्यांची, ख्रिस्ती नव्हती, त्यांना तो लागू नव्हता. साडेतीनचा भोंगा झाला की बाबा पहिली पाळी संपवून येत, पायावर पाणी घेत, आणि मला व माझ्या मोठ्या भावाला, आमोसला, समोर उभं करून म्हणत, "हां करा." मग वाकून एकेकाच्या तोंडाचा वास घेत. आमोसला मिसरूड फुटलं तरी हे चालू होतं. मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात गेले तरी सुटलं नव्हतं.

आमच्या बाबांचा देव सोडून कुणावर विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या मापावर नाही, वाण्याच्या तागडीवर नाही, गिरणीच्या घड्याळावर नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की ते घरी येऊन म्हणायचे, इतकं सांगावं लागतं म्हणजे काहीतरी लपवायचं असणार. आई अक्कलकोटकडची, रागावली की तिच्या तोंडी कानडी येई आणि ते आम्हाला कळत नसे. पण हे एक ती मराठीत सांगायची, की यांचा सगळा विश्वास वरच खर्च झाला, खाली वाटायला काही उरला न्हाय. बाबा मागखात्यात होते. अंगावर कायम कापसाचा भुरा, भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर. त्यांच्या कपड्यांतून सुताचे तुकडे घरभर पडत, आमटीतसुद्धा निघत. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही मोठ्यानं बोलत, आणि आम्ही हळू बोललो की त्यांना वाटे, आम्ही काहीतरी दडवतोय. आता माझी नात ग्रेस शेजारच्या खोलीत मैत्रिणीशी फोनवर हळू बोलायला लागली की माझे कान टवकारतात, तेव्हा मला त्यांची आठवण येते आणि स्वतःची थोडी लाज वाटते.

या संशयाला मुळं होती. माझे आजोबा वैरागकडच्या एका खेड्यात असताना ख्रिस्ती झाले. तेव्हापासून आमच्या घराण्याला एक टोमणा चिकटला होता: पावडरीचे ख्रिस्ती. मिशनची दुधाची पावडर मिळते म्हणून देव बदलला, असा त्याचा अर्थ. चाळीतही कुणाशी नळावर भांडण झालं की तो शब्द निघायचाच. शिवाय आम्ही काय खातो, कुणाला भेटतो, रविवारी नवी साडी कुठून आली, यावर लोकांची नजर असायची. दुसऱ्या कुणी असल्या टोमण्याकडे कानाडोळा केला असता. बाबांनी तो काळजावर घेतला, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायची सगळी जबाबदारी आम्हा पोरांवर टाकली. ख्रिस्ती माणसानं देवाकडून काही मिळवण्यासाठी देव धरू नये, असं ते सांगत. आणि सांगता सांगता आमच्याकडे असं बघत, जणू आमच्या खिशात पावडर आहे.

त्यात आमोसनं घाव घातला. माझ्या दोन वर्षं आधी त्याचं दृढीकरण थाटात झालं होतं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यानं धडाधड सांगितली, पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. बाबांनी त्या दिवशी मटणाबरोबर बुंदीसुद्धा आणली. महिनाभरात आमोसनं मंडळीकडून पत्र घेतलं, हा आमचा चांगला सभासद आहे असं. त्या पत्रावर पुण्यातल्या ख्रिस्ती वसतिगृहात जागा मिळवली, नोकरी धरली, आणि त्यानंतर त्यानं चर्चची पायरी चढल्याचं कुणी पाहिलं नाही. आमच्याच मंडळीतल्या एकानं त्याला रविवारी सकाळी सिनेमाच्या रांगेत पाहिलं आणि आठवड्याभरात ही बातमी बाबांपर्यंत आली. ताटातली अर्धी भाकरी त्यांनी मोडून ठेवली आणि उठले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमोस दूध होता. ताक मी.

कारण मलाही पत्र हवं होतं. मला नर्स व्हायचं होतं. मिशनच्या इस्पितळाला जोडून नर्सिंगची शाळा होती, सोलापूरपासून एस.टी.नं पाच-सहा तासांवर, आणि तिथं आमच्यासारख्या मुलींना मंडळीचं पत्र लागे. पत्र मिळायला दृढीकरण झालेलं हवं. दृढीकरण वर्षातून एकदाच. त्या वर्षी चुकलं तर शाळा चुकली, आणि शाळा चुकली तर आईच्या माहेरकडचं एक स्थळ तयारच होतं. म्हणजे बाबांच्या दृष्टीनं माझ्या हातात पावडरीचा डबा स्पष्ट दिसत होता. आता इतक्या वर्षांनी खरं सांगायचं तर मलाही माझी खात्री नव्हती. मी रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि वाचायची, त्यात खोट नव्हती. पण पत्राची गरज नसती तर बसले असते का, हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही, आणि आज विचारते तर उत्तर येत नाही.

दृढीकरणाच्या वर्गाला आम्ही पाच जण होतो. वर्ग सुरू झाल्यावर पंधराएक दिवसांनी, वाचायला पुस्तक उघडलं तर पांढऱ्या सुताचा बोटभर तुकडा माझ्या मांडीवर पडला. घरात सूत पडणं नवीन नव्हतं, मी तो झटकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक हळूच उघडलं आणि बघितलं, तर मी आदल्या दिवशी जिथं खुणेची फीत घालून थांबले होते त्याच्या पुढच्या पानांत, मधल्या खाचेत, तो तुकडा नीट उभा घालून ठेवलेला. मग उजेड पडला. बाबा पहाटे गिरणीत जायच्या आधी ठेवत होते आणि संध्याकाळी जेवणानंतर तपासत होते. सूत जागचं हललं तर पोरीनं वाचलं, नाही हललं तर नाही वाचलं. मला इतका राग आला की कानशिलं तापली. मी वाचत होते आणि हा माणूस माझ्यावर चोरासारखी पाळत ठेवत होता. एकदा समोर बसवून विचारायचं होतं, "वाचतेस का?" मी हो म्हटलं असतं. पण विचारायचं म्हणजे माझ्या उत्तरावर विश्वास ठेवायची वेळ येणार, ती त्यांना नको होती.

मग मी एक अचाट मूर्खपणा केला. रोज वाचायचं, आणि वाचून झालं की फीत आणि सूत पुन्हा होतं तिथं, तसंच, खाचेत ठेवून द्यायचं. वाटू दे त्यांना की पोरगी वाचत नाही. जळू देत. कधीतरी न राहवून विचारतील, तेव्हा मी सगळं घडाघडा म्हणून दाखवीन आणि त्यांचं तोंड बघीन, असा माझा बेत. बाबा विचारेनात. नुसते गप्प गप्प होत गेले. घरच्या उपासनेत आम्ही आळीपाळीनं वाचायचो. पूर्वी शेवटचं स्तोत्र बाबा वाचत, हल्ली ते डोळे मिटून पाठ म्हणत. माझी पाळी आली की त्यांची मान खाली जाई. आई आमच्याकडे आळीपाळीनं बघे आणि काही न कळून भाकऱ्या थापायला उठे.

एका संध्याकाळी गरम वारा सुटला होता. मी पान उलटलं आणि सूत उडालं. अंगणात शोधलं, सापडलं नाही. आईनं हाक मारली, बाबांच्या चपला वाजायला लागल्या, आणि घाईत मी पांघरायच्या चादरीच्या दशीतला एक धागा तोडला, पीळ उलगडून बारीक केला आणि खाचेत ठेवून दिला. तोही पांढराच होता. मला काय माहीत! जेवणानंतर बाबांनी पुस्तक हातात घेतलं, कोपऱ्यात तोंड करून उघडलं. मग मी त्यांना तो धागा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळताना पाहिलं. एकदा, दोनदा. मागावर जन्म घालवलेला माणूस तो, चाळीस नंबरचं बारीक सूत आणि चादरीचं जाडं सूत त्याच्या बोटांना आंधळेपणीही वेगळं कळणार. ते माझ्याकडे वळले. "हे सूत माझं न्हाय," एवढंच म्हणाले.

त्या एका वाक्यात माझा निकाल लागला. आता त्यांच्या लेखी मी नुसती न वाचणारी नव्हते, तर न वाचता फसवणारी होते. मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण सांगणार काय? की मी वाचते, आणि वाचून झाल्यावर न वाचल्याचा पुरावा स्वतःच्या हातानं ठेवते? असलं कोण ऐकून घेणार! त्यानंतर सूत ठेवणं बंद झालं. तपास संपला होता. मी मात्र पेटून उठले, आणि माझ्यात बाबांचं रक्त किती आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बाबा रोज पहाटे उठून दारापाशी पोत्यावर बसत, मांडीवर त्यांचं काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र, सातच्या भोंग्याआधी चांगला अर्धा तास. मी अंथरुणातून त्यांची पाठ बघायची. मला आठवेना की या अर्ध्या तासात पान उलटल्याचा आवाज मी कधी ऐकलाय. म्हणून एक दिवस ते पाळीवर गेल्यावर मी त्यांचं पुस्तक काढलं, जिथं त्यांची खुणेची फीत होती तिथं एक सुताचा तुकडा ठेवला आणि पुस्तक मिटलं. त्यांच्याच सदऱ्यावरचा, चाळीस नंबरचा. दुसऱ्या दिवशी बघितलं, सूत जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी तेच. आठ दिवस मी रोज बघितलं. त्या आठ दिवसांत ते रोज पहाटे पुस्तक मांडीवर घेऊन बसले आणि एकदाही ते उघडलं नाही. मला दुःख व्हायला हवं होतं. मला उकळ्या फुटल्या.

आमच्या मंडळीत एक रिवाज होता. दृढीकरणाच्या आदल्या शनिवारी चर्चच्या बाजूच्या खोलीत पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच बसत, मुलांना एकेक करून आत घेत, प्रश्न विचारत, आणि शेवटी बापाला विचारत, "हे मूल घरी आपणहून शास्त्र वाचतं का?" बाप "होय" म्हणे आणि सगळे प्रार्थनेला उभे राहात. दुसरं उत्तर कुणी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पंचांमध्ये सरोदे होते, ते बाबांच्याच खात्यात जॉबर, म्हणजे कोणत्या मागावर कोण उभा राहील हे ठरवणारे. आई मनुकांचं पातेलं चुलीवर ठेवून, राजम्माला लक्ष ठेवायला सांगून आली होती आणि दाराशी उभी होती. मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. पाळकसाहेब हसले आणि त्यांनी बाबांना तो ठरलेला प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "मला शंका हाय. थोरल्यानंबी असंच सगळं सांगितलं हुतं. हिला पत्र पाहिजे."

त्याच क्षणी मला माझ्या हातातलं हत्यार आठवलं. मी वापरलं. मी म्हणाले, "बाबांनी माझ्या पुस्तकात सूत ठेवून बघितलं. मीपण त्यांच्या पुस्तकात ठेवलं. आठ दिवस झाले, ते पुस्तक उघडलेलं नाही. रोज नुसते मांडीवर घेऊन बसतात." दाराशी आईनं कानडीत काहीतरी म्हटलं आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं होतं बाबा चिडतील, उठून जातील. ते बसून राहिले. सरोदे त्यांच्याकडे बघत होते, जरा जास्तच निरखून. त्यांनी मेजावरचं पुस्तक बाबांच्या पुढे सरकवलं आणि म्हणाले, "यशवंतराव, वाचा की जरा. पोरीचं समाधान हुईल." बाबांनी पुस्तक उघडलं. नाकापाशी नेलं, लांब धरलं, खिडकीकडे तिरपं केलं. मग मिटून पुन्हा मेजावर ठेवलं.

"दिसत न्हाय मला," ते म्हणाले. "दीड वरीस झालं."

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरला होता. घरात एका आईलाच ते ठाऊक होतं. मागावर ते बोटांनी आणि कानांनी काम काढत होते, शेजारचा मागवाला सांभाळून घेत होता. डोळे गेलेल्याला मागावर कोण ठेवतो? म्हणून लपवलेलं, आणि मी ते जॉबरच्या समोर उघडं केलं. सूत चोळणं, स्तोत्र डोळे मिटून म्हणणं, सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. ज्याला मी संशय म्हणत होते त्यातला निम्मा आंधळेपणा होता. निम्मा संशयच होता, हेही सांगितलं पाहिजे, बाबांना उगाच संत करण्यात अर्थ नाही. जमीन पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पाळकसाहेब चाचरत म्हणाले की आपण हा विषय पुढच्या वर्षावर टाकू. तेव्हा बाबा उठले. "न्हाय," ते म्हणाले. "पोरगी खरं बोलली. आपल्या बापाचं असलं तरी बोलली. तिला घ्या." आणि पुढे, "पर पत्र सहा म्हयने देऊ नका. पत्राबिगर देवळात येती का, ते बघा."

दुसऱ्या दिवशी मला घेतलं. रस करपला होता. आई दाराशी उभी राहिली, राजम्माचं लक्ष उडालं, मनुका बुडाला लागल्या. दुसऱ्या मनुका आणायला वेळ नव्हता. सगळ्या मंडळीनं तो कडवट रस घेतला आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. इतकी वर्षं ज्याच्या वासावर मी वाढले त्याची पहिली चव मला करपलेली मिळाली. सोमवारी सरोद्यांनी बाबांना मागावरून काढलं. ते वाईट नव्हते. मागावर न दिसणारा माणूस म्हणजे एखाद दिवशी हात जायचा, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. बाबांना गोदामात सूत निवडायला बसवलं. पगार उतरला, पण त्यापेक्षा मागवाला हे नाव गेलं ते त्यांना लागलं. मला त्यांनी त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

नर्सिंगची शाळा त्या वर्षी चुकली. आईनं त्या स्थळाला परस्पर नाही म्हणून कळवलं, ते मला फार नंतर कळलं. आणि मी रोज संध्याकाळी, चहा झाला की, बाबांचं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक घेऊन त्यांना वाचून दाखवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. ते प्रेमानं ऐकत असतील असं कुणाला वाटेल, पण छे! त्यांना निम्मं पुस्तक पाठ होतं आणि मी काही गाळते का यावर त्यांचं लक्ष. वंशावळी आल्या, याला तो झाला आणि त्याला हा झाला, की मी चार नावं गिळायची. "दोन बाप खाल्लेस मधले," ते लगेच म्हणायचे. मग पुन्हा वर जायचं. वाचता वाचता कधी ते पुढची ओळ माझ्याआधी म्हणत, मी थांबत असे, आणि ते थांबले की मी पुढे म्हणत असे. पुस्तकाकडे न बघता. हे मला येतं हे मला माहीतच नव्हतं. विश्वास यालाच म्हणतात का, मला सांगता येणार नाही. पण पुढे इस्पितळात, शेवटच्या घटकेला माणसं माझा हात धरून असताना, तोंडात आपोआप ज्या ओळी आल्या त्या त्या सहा महिन्यांतल्या होत्या.

एकदा मी धीर करून विचारलं, की सूत ठेवण्यापेक्षा सरळ विचारलं का नाही. बाबा शेंगा फोडत बसले होते. म्हणाले, "इचारलं असतं तर तू व्हय म्हणाली असतीस. मग म्या काय केलं असतं?" मी म्हटलं, विश्वास ठेवायचा. त्यांनी दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला केली. "त्येच तर अवघड हाय की," ते म्हणाले.

पत्र सहा महिने पुरे झाल्यावर मिळालं आणि पुढच्या वर्षी मी गेले. एस.टी. स्टँडवर बाबा आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ट्रंकेच्या कड्या चाचपून बघितल्या, कंडक्टरला दोनदा विचारलं की गाडी नक्की तिकडेच जाते ना. वसतिगृहात खाट मिळाल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर माझं पवित्र शास्त्र काढलं आणि सूत शोधलं. पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक खाच बघितली. मग पुस्तक उलटं धरून झाडलं. सूत नव्हतं. आधी हलकं वाटलं, आणि लगेच शंका आली की ठेवलं असेल आणि गाडीच्या धक्क्यांनी वाटेत पडलं असेल. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, आईच्या हातचं. राजम्माच्या घरी नातू झाला, हुलग्याचं पीठ कुणाबरोबर तरी पाठवते, आणि अगदी खाली, जागा संपत आलेली म्हणून बारीक अक्षरात: बाबा विचारतात, वाचतेस का. मी उलट टपाली कार्ड लिहिलं, "होय". खरं म्हणजे त्या पंधरा दिवसांत मी चार-पाचदाच पुस्तक उघडलं होतं. बाबांनी ते उत्तर आईकडून वाचून घेतलं असणार. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

ग्रेसचं दृढीकरण येत्या रविवारी आहे. ती शास्त्र मोबाइलवर वाचते आणि मोबाइलमध्ये सूत ठेवायला खाच नसते. माझा मुलगा म्हणाला, त्याची गरजच नाही, ते अ‍ॅप स्वतःच आकडा ठेवतं, किती दिवस खंड न पडता वाचलं याचा. त्यानं दाखवला. एकशे बारा दिवस. मुलगा खूश होता. मी नव्हते. माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण मला सुतांचा अनुभव आहे. काल दुपारी ती माझ्या डोळ्यांत थेंब घालायला आली, मलाही मोतीबिंदू झाला, नुकतंच ऑपरेशन झालंय, तेव्हा मी तिचा हात धरला आणि विचारलं, "वाचतेस का गं?" तिनं बाटलीचं झाकण लावलं. म्हणाली, "रोज नाही, आजी. कधी कधी नुसतं उघडते आणि बंद करते. आकडा तुटू नये म्हणून."

मी तिच्याहून मोठी असताना पोस्टकार्डावर "होय" लिहिलं होतं. संध्याकाळी पाळकांचा फोन आला. बापाला विचारायचा तो रिवाज आता फोनवर उरकतात, आणि मुलगा कामावर होता म्हणून त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, तिला घ्या. सहा महिन्यांचं काही बोलले नाही.